रेसिंगचं हेल्मेट घेताना : आधी डोक्याचा आकार, मग माप, मग स्टिकर

बेळगाव : सीमाभागातल्या पोरांना रेसिंगचा नाद लागायला आता थेट चेन्नई गाठावी लागत नाही. बेळगावहून जेमतेम ११० किलोमीटरवर कोल्हापूर, तिथल्या मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्याही झालेल्या आहेत. हैदराबादकरांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई पाहिली. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा सर्किट तर जुनेच. गाडी भाड्याने मिळते, सूट कुणाचा तरी उसना मिळतो. हेल्मेट मात्र स्वतःचंच लागतं, आणि पहिली मोठी खरेदी तीच असते.

बेळगाव तसं हेल्मेटचं गाव. वेगा ही देशभर खपणारी हेल्मेट कंपनी इथलीच. तरीही दुकानात गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग ग्राफिक्स, मग किंमत, आणि शेवटी ‘एल द्या, एलच बसतं मला’ म्हणून मोकळं होतं. रोज बाजारात जायच्या हेल्मेटलाही हे बरं नाही. ट्रॅकवर तर हीच चूक सर्वात महागात जाते.

हेल्मेटच्या कवचाच्या आत जो पांढरा किंवा काळा थर्माकोल असतो, खरं काम तो करतो. डोकं आदळतं तेव्हा तो चेपतो आणि डोकं एकदम न थांबता थोडं सावकाश थांबतं. पण त्यासाठी डोकं त्याला आधीपासून टेकलेलं पाहिजे. मध्ये फट असली तर हेल्मेट जमिनीला थडकून थांबतं आणि आतलं डोकं तेवढ्याच वेगात पुढे जाऊन थर्माकोलवर आदळतं. म्हणजे एका अपघातात दोन टकरी. त्यातही ढिलं हेल्मेट पहिल्या धक्क्याला फिरतं, काच डोळ्यांसमोरून सरकते, आणि दुसऱ्या धक्क्याला ते डोक्यावर असेलच याची खात्री नाही. रेसमध्ये गाडी बहुधा एकदाच आपटून थांबत नाही.

आकार म्हणजे काय

माप सगळ्यांना माहीत असतं, आकार फारसा कुणी बघत नाही. डोकं वरून पाहिलं तर कुणाचं लांबट अंड्यासारखं दिसतं, कुणाचं बरंचसं गोल, आणि बहुतेकांचं या दोन्हींच्या मधलं. दोन माणसांच्या डोक्याचा घेर तंतोतंत ५८ सेंटीमीटर असला तरी एकाला जे हेल्मेट मऊ उशीसारखं बसेल, तेच दुसऱ्याला दहा मिनिटांत डोकेदुखी देईल. स्वतःचा आकार ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे केस ओले करून चापून बसवायचे आणि घरातल्या कुणाला तरी बरोबर वरून मोबाईलवर फोटो काढायला सांगायचा.

दुकानात आकार कळतो तो दुखण्यावरून. कपाळाच्या मधोमध आणि मागे टाळूखाली टोचतंय, पण कानाच्या वर दोन्ही बाजूंना मोकळं वाटतंय, तर डोकं लांबट आहे आणि हेल्मेट त्या मानाने गोल आहे. उलट कानशिलं आवळली जातायत आणि कपाळापुढे बोट जाईल एवढी जागा आहे, तर डोकं गोल आणि हेल्मेट लांबट. अशा वेळी दुकानदार हमखास म्हणतो, ‘एक साईज मोठी बघा.’ मोठ्या मापात टोचणं कमी होतं हे खरं, पण बाकी सगळीकडे ते ढिलं होतं. आकार चुकला असेल तर मॉडेल बदलायचं, माप नाही. जपानच्या अराईसारख्या काही कंपन्या तर वेगवेगळ्या डोक्यांसाठी वेगवेगळ्या आकाराची मॉडेलं काढतात.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा. सगळीकडून सारखा दाब येणं वेगळं आणि एकाच जागी टोचणं वेगळं. आतलं कापड आणि फोम वापराने दबतो, त्यामुळे सारखा दाब काही दिवसांत सैल पडतो. कवच आणि थर्माकोलचा आकार बदलत नाही, म्हणून टोचणारी जागा सहा महिन्यांनीही टोचतच राहणार. ‘थर्माकोल थोडा दाबून जागा करून देतो’ असं कुणी म्हटलं, तर ते हेल्मेट तिथेच ठेवून बाहेर पडावं. आपटल्यावर चेपायचं ते आधीच चेपलेलं घेऊन काय करणार?

टेप कुठे लावायचा

शिंप्याचा कापडी टेप घ्यायचा. भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटीमीटरवर, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सर्वात जास्त बाहेर येतं तिथून फिरवायचा. तीनदा मोजून सर्वात मोठा आकडा धरायचा. साधारण हिशेब असा : ५५-५६ सेंटीमीटर म्हणजे एस, ५७-५८ म्हणजे एम, ५९-६० एल, ६१-६२ एक्सएल. देशी हेल्मेटवर हेच बहुधा मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, ५८०, ६०० असं. पण एका कंपनीचं एम म्हणजे दुसऱ्या कंपनीचंही एमच, असं समजू नये. बूट घेताना जसं होतं तसंच. त्या-त्या कंपनीचा तक्ता बघायचा आणि तोही फक्त सुरुवात कुठून करायची हे ठरवायला.

कार रेसिंगमध्ये हेल्मेटच्या आत आगीला टिकणारी कापडी टोपी, म्हणजे बालाक्लाव्हा, घालावी लागते. कार्टिंग-बाईकवालेही घामासाठी पातळ टोपी घालतात. जे ट्रॅकवर घालणार तेच घालून माप घ्यावं आणि तेच घालून हेल्मेट चढवून बघावं. लांब केस असतील तर वेणी किंवा पोनी मानेपाशी, अगदी खाली बांधलेली असावी. वर अंबाडा ठेवून बसवलेलं हेल्मेट केस सोडले की ढिलं होतं.

दुकानातली अर्ध्या तासाची परीक्षा

दोन्ही पट्टे धरून बाहेरच्या बाजूला ताणायचे आणि हेल्मेट डोक्यावर उतरवायचं. नवं रेसिंग हेल्मेट चढताना कान दुमडतात, गाल खरवडल्यासारखे वाटतात, ते तसंच असतं. सहज, टोपी घातल्यासारखं गेलं तर ते मोठं आहे. आत बसल्यावर कपाळाचं पॅड भुवयांच्या जरा वर यायला हवं आणि डोकं वर टाळूला टेकलेलं हवं. गालाचे पॅड गाल पुढे ढकलतात, चेहरा फुगल्यासारखा दिसतो, बोलताना गाल आतून दाताखाली येतात. आरशात बघून हसू येईल असा चेहरा दिसला तर माप बहुधा बरोबर आहे.

मग पट्टा नीट आवळायचा आणि हनुवटीचा भाग हाताने धरून हेल्मेट डावीकडे-उजवीकडे, मग वर-खाली हलवायचं. डोकं स्थिर ठेवायचं. कपाळाची आणि गालाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. कातडी जागेवर आणि हेल्मेट तिच्यावरून घसरतंय असं झालं तर एक माप खाली यायचं.

पुढची परीक्षा दुकानात क्वचितच कुणी करतं, आणि सर्वात महत्त्वाची तीच आहे. पट्टा बांधलेला ठेवून दुसऱ्या माणसाने मागून, मानेपाशी हेल्मेटची खालची कड धरायची आणि ते वर उचलून पुढे लोटायचा प्रयत्न करायचा. हेल्मेट डोळ्यांवर आलं किंवा डोक्यावरून निघून पुढे पडलं, तर त्याच्यावर कुठला स्टिकर आहे याला काही अर्थ उरत नाही. आयएसआय असो, युरोपचं ईसीई असो की अमेरिकेचं स्नेल, हेल्मेट डोक्यावरून निघतं का याची चाचणी सगळीकडे असते, पण ती योग्य मापाच्या नकली डोक्यावर केलेली असते. विकत घेणाऱ्याचं डोकं त्या प्रयोगशाळेत गेलेलं नसतं.

एवढं जमलं की ते हेल्मेट डोक्यावर ठेवूनच किमान वीस मिनिटं, जमल्यास अर्धा तास, दुकानात बसायचं. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. काढल्यावर कपाळावर सगळीकडे सारखा फिकट वळ असेल तर हरकत नाही. एकाच ठिकाणी लाल ठिपका, किंवा डोकं जड-जड, म्हणजे आकार जुळला नाही. दोन मापांमध्ये मन अडकलं आणि लहान माप टोचत नसेल, तर लहानच घ्यावं. गालाचे पॅड सगळ्यात जास्त दबतात, पहिल्या काही वापरांतच फरक कळतो. बऱ्याच मॉडेलांना पॅड बदलून मिळतात, जाड किंवा पातळ. गालापाशी थोडा फरक असेल तर तो पॅडने भरून निघतो. डोक्याच्या घेरात ढिलं असेल तर गालाच्या पॅडने ते भरून काढायला जाऊ नये.

चष्मेवाल्यांनी हेल्मेट घातल्यावर चष्मा आत सरकवून बघावा. काड्या सरळ गेल्या पाहिजेत, कानशिलावर दाबल्या जाऊ नयेत आणि भिंगं नाकावर तिरकी बसू नयेत.

बसून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत

दुकानात सगळे उभं राहून हेल्मेट बघतात. रेस कुणी उभं राहून करत नाही. बाईक रेसरने टाकीवर ओणवं होऊन, हनुवटी खाली घेऊन समोर बघावं. कपाळाची कड नजरेच्या आड येते का, आणि चामडी सूटच्या पाठीवर जो उंचवटा असतो तो हेल्मेटला मागून टेकून ते पुढे ढकलतो का, हे सूट घातल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे सूट बरोबर न्यावा, लाज वाटून घेऊ नये. वेग वाढला की वारा हेल्मेट वर उचलतो. उभ्याने ठीक वाटलेलं सैल हेल्मेट सरळ रस्त्याच्या टोकाला नजर थरथरवतं आणि ब्रेकची खूण नीट दिसत नाही.

कारमध्ये वेगळी गोष्ट. सीट मागे कललेली, खांद्यावर पट्टे, मानेभोवती हॅन्स. हॅन्स म्हणजे अपघातात डोकं पुढे फेकलं जाऊ नये म्हणून हेल्मेटला दोन दोऱ्यांनी बांधलेलं खांद्यावरचं साधन. फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचं आहे. त्यासाठी हेल्मेटला दोन्ही बाजूंना खिळ्यांची सोय कंपनीकडूनच आलेली लागते. घरी ड्रिल मारून ती करायची गोष्ट नाही. हेल्मेटची मागची खालची कड सीटला टेकत असेल तर डोकं पुढे झुकतं आणि काच खाली जाते, म्हणून शक्य असेल तर गाडीत बसूनच बघावं. मोटोक्रॉसवाल्यांनी गॉगल घेऊन जावा. गॉगलची चौकट हेल्मेटच्या खिडकीत नाक न दाबता बसली पाहिजे.

डोळ्यांवरची कड एवढी का बघायची, याचं उत्तर २५ जुलै २००९ च्या हंगेरीच्या पात्रता फेरीत आहे. पुढच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर, डाव्या डोळ्याच्या वर येऊन आदळली. कवटीला इजा झाली, पण तो वाचला आणि पुढच्या वर्षी परत शर्यतीत उतरला. त्यानंतर काचेच्या वरच्या बाजूला झायलॉनची पट्टी आली, आणि एफआयएच्या ८८६०-२०१८ या मानकात खिडकीची वरची कड १० मिलिमीटर खाली आणून कपाळ जास्त झाकलं. ढिलं हेल्मेट मागे कलंडलं की तीच कड वर जाते.

‘वाढत्या मापाचं’ हेल्मेट

शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा, सायकल वाढत्या मापाची, बूट पुढे कापूस घालून. यात वाईट काही नाही, संसार असेच चालतात. पण कार्टिंग करणाऱ्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाला आई-बाबा त्याच हिशेबाने एक माप मोठं हेल्मेट घेतात, आणि इथे हिशेबच चुकतो. डोकं उंचीसारखं वाढत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर ५० सेंटीमीटरच्या आसपास असतो, मोठ्या माणसाचा साधारण ५५ ते ५८. म्हणजे पुढच्या दहा-बारा वर्षांत वाढ सहा-सात सेंटीमीटरची, वर्षाला सरासरी अर्धा सेंटीमीटर. हेल्मेटचं एक माप दोन सेंटीमीटरचं. आज एक माप मोठं घेतलेलं हेल्मेट बरोबर बसायला तीन-चार वर्षं जाणार. तोवर मूल ढिल्या हेल्मेटमध्ये कार्ट चालवणार, आणि ते नीट बसायला लागेल तेव्हा हेल्मेटचंच वय संपत आलेलं असेल. आजच्या मापाचं घेऊन गालाचे पॅड पुढे पातळ करणं, हेच स्वस्तही पडतं.

मुलांच्या बाबतीत वजनही बघावं लागतं. लहान मानेवर मोठ्यांचं हेल्मेट म्हणजे ओझं. म्हणून स्नेल आणि एफआयएने मुलांच्या कार्टिंगसाठी सीएमआर नावाचं वेगळं, हलक्या हेल्मेटचं मानक ठेवलं आहे. आणि मुलाला ‘टोचतंय का’ असं नुसतं विचारून भागत नाही. नवीन वस्तूच्या आनंदात ते नाहीच म्हणतं. वीस मिनिटांनी हेल्मेट काढून कपाळ बघावं.

स्टिकर कुठला, कशासाठी

भारतात रस्त्यावर दुचाकी चालवायला आयएसआय, म्हणजे आयएस ४१५१ लागतं. १ जून २०२१ पासून दुचाकीसाठी आयएसआय नसलेलं हेल्मेट विकताच येत नाही. पण ट्रॅकवर नुसत्या आयएसआयवर बहुतेक ठिकाणी भागत नाही. स्नेलचा एसए शिक्का कार रेसिंगसाठी. त्यात आतल्या कापडाची आगीची चाचणी असते आणि लोखंडी पिंजऱ्यावर डोकं आदळण्याचीही. के म्हणजे कार्टिंग, जवळपास तसंच, पण आगीची चाचणी नाही. एम म्हणजे मोटरसायकल, त्यातही आगीची चाचणी नाही. त्यामुळे बाईकचं कितीही भारी हेल्मेट असलं तरी कार रेसला ते चालत नाही, आणि कारचं हेल्मेट घालून हायवेवर बुलेट चालवली तर आयएसआय नाही म्हणून दंड होऊ शकतो. युरोपचं हेल्मेट असेल तर पट्ट्यावर गोलातल्या ‘ई’चं लेबल असतं. सध्याची आवृत्ती २२.०६, आणि लेबलवर ‘पी’ म्हणजे हनुवटीचा भागही तपासलेला. मोठ्या बाईक शर्यतींसाठी एफआयएमचं स्वतःचं मानक आहे, तेही मॉडेलच्या प्रत्येक मापाला वेगळी मान्यता देतं. पट्ट्यावरच्या क्यूआर कोडवरून ते ताडून बघता येतं.

कुठल्या स्पर्धेला कुठलं चालेल हे एफएमएससीआयच्या नियमांत आणि त्या स्पर्धेच्या नियमपत्रकात दिलेलं असतं. ते आधी वाचावं, मग दुकानात जावं. शर्यतीच्या सकाळी तपासणीच्या टेबलावर हेल्मेट नाकारलं गेलं तर उसनं शोधत पळावं लागतं, आणि उसनं हेल्मेट कधीच आपल्या मापाचं नसतं.

स्नेल साधारण पाच वर्षांनी नवी आवृत्ती काढतं, एसए २०१५, एसए २०२०, एसए २०२५ अशी. हेल्मेटही पाच वर्षांनी बदलावं असं त्यांचंच सांगणं आहे. नवी आवृत्ती आली की जुना माल सवलतीत निघतो. मोह होतो. पण घसारा धरून बघावं : दोन वर्षं गोदामात पडलेलं आणि लवकरच नियमांतून बाद होणारं हेल्मेट तीस टक्के स्वस्त मिळालं, तर ती सवलत नाही, उरलेल्या वर्षांचीच ती किंमत आहे. उत्पादनाचा महिना-वर्ष आतल्या कापडाखाली किंवा पट्ट्यापाशी लिहिलेलं असतं. जुनं, वापरलेलं हेल्मेट मात्र मित्राकडूनही घेऊ नये. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून नव्यासारखं दिसू शकतं, आतला थर्माकोल चेपला तो चेपला. शिवाय त्याचे पॅड दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेले असतात.

पट्ट्याबद्दल थोडं

रेसिंग हेल्मेटला ‘टक’ करून बसणारं बक्कल नसतं. लोखंडाच्या दोन डी आकाराच्या कड्या असतात. पट्टा दोन्ही कड्यांतून न्यायचा, मग परत फिरवून एकाच कडीतून बाहेर काढून ओढायचा. गळा आणि पट्टा यांच्यामध्ये जेमतेम एक बोट जावं. शेवटी जे छोटं टिचबटण असतं ते फक्त उरलेलं टोक वाऱ्याने फडफडू नये म्हणून. नवशिके कधीकधी तेच लावून बांधलं असं समजतात.

भाड्याच्या कार्टवर मिळणाऱ्या हेल्मेटबाबत फार काही करता येत नाही. तरी रांगेत पहिलं हातात येईल ते न घेता दोन-तीन घालून, मान हलवून, त्यातलं घट्ट बसणारं घ्यावं. काच फुटलेली किंवा पट्टा उसवलेला असेल तर सरळ परत द्यावं.

ऑनलाइन मागवायचं झालंच, तर तेच मॉडेल, तेच माप आधी कुठेतरी घालून बघितलेलं असावं. बेळगाव-कोल्हापुरात मिळालं नाही तर पुणे किंवा बंगळूरची एक फेरी आणि तिथली अर्ध्या तासाची बैठक हा खर्च हेल्मेटच्या किमतीतच धरावा. बिलावर मॉडेल आणि माप लिहून घ्यावं आणि माप बदलून द्यायची मुदत विचारून ठेवावी. घरी आल्यावर काचेवरचा कागद न काढता, स्वच्छ टोपी घालून पुन्हा अर्धा तास डोक्यावर ठेवून बघावं. ट्रॅकवर एकदा घाम लागला की कुठलाच दुकानदार ते परत घेत नाही.